मर्केल सेल कर्करोग : वयाचा हिशेब कुठे धरायचा?

‘आता या वयात कशाला कापाकापी?’ ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या दुखण्यासमोर हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि तो विचारणारे नेहमीच चुकत असतात असे नाही. थांबून पाहिले तर फारसे बिघडत नाही अशी म्हातारपणची दुखणी पुष्कळ. त्वचेच्या कर्करोगांतला सगळ्यांत नेहमीचा प्रकार, बेसल सेल, इतका सावकाश वाढतो की फार थकलेल्या रुग्णाच्या बाबतीत नुसते लक्ष ठेवणे तज्ज्ञांनाही मान्य असते. मर्केल सेल कर्करोगाला हा हिशेब लागू पडत नाही. तो मुख्यतः म्हाताऱ्यांनाच होतो, दुखत नाही, आणि आठवड्या-आठवड्याला वाढतो. त्याच्याविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे कळले ते एकत्र मांडून पाहिले तर एक विसंगती ठळक दिसते. निदान करताना जिथे वय मोजायला हवे तिथे ते मोजले जात नाही, आणि उपचार ठरवताना मात्र नको तितके मोजले जाते.

आजार विरळा आहे. अमेरिकेत वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी लोकांना तो होतो; २०१३ साली तिथे सुमारे २,५०० नवे रुग्ण नोंदले गेले. निदानाच्या वेळचे वय बहुधा पंचाहत्तरीच्या आसपास. गोऱ्या कातडीच्या आणि कडक उन्हाच्या ऑस्ट्रेलियात प्रमाण त्याहून जास्त, आपल्याकडे फारच कमी. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत तो येतो तो बहुधा एकेका रुग्णाच्या हकिकतीच्या रूपाने. जगातही त्याचे नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचले ते अमेरिकी गायक जिमी बफे १ सप्टेंबर २०२३ ला वयाच्या ७६व्या वर्षी वारला तेव्हा. त्याआधी २००७ मध्ये जाझ संगीतकार जो झाविनुल याच आजाराने गेला, ७५व्या वर्षी. आणि हिमोग्लोबिनची रचना उलगडून नोबेल मिळवणारे मॅक्स पेरुट्झ २००२ मध्ये, ८७व्या वर्षी. तिघांची वयेच आजाराची ओळख सांगतात. मेलानोमाचा दबदबा मोठा असला तरी रुग्णांमागे दगावणाऱ्यांचे प्रमाण मर्केलमध्ये त्याहून अधिक आहे.

नाव आले ते जर्मन शरीरशास्त्रज्ञ फ्रीडरिश मर्केल यांच्यावरून. रोस्टॉकच्या विद्यापीठात असताना १८७५ मध्ये त्यांनी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी बसलेल्या काही पेशींचे वर्णन केले आणि त्या स्पर्शासाठी असाव्यात असा तर्क मांडला. तर्क बरोबर होता, पण त्याची पक्की शहानिशा व्हायला जवळजवळ १४० वर्षे लागली. पिझो-२ नावाच्या प्रथिनामुळे या पेशी हलका दाब ओळखतात हे २०१४ मध्ये दाखवले गेले, आणि पिझो प्रथिनांच्या शोधाबद्दल आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. कर्करोगाची कथा वेगळी सुरू होते. १९७२ मध्ये सिरिल टोकर या विकृतिशास्त्रज्ञाने पाच रुग्णांच्या त्वचेतल्या एका चमत्कारिक गाठीचे वर्णन केले. ती घामाच्या ग्रंथींतून येत असावी असे त्याला वाटले होते. १९७८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत जे कण दिसले ते मर्केल पेशींतल्या कणांसारखे होते, आणि नाव चिकटले. आज बऱ्याच संशोधकांना शंका आहे की हा कर्करोग मुळात मर्केल पेशींतून निघतच नसावा. पूर्ण वाढ झालेल्या मर्केल पेशी विभाजित होत नाहीत, शिवाय गाठ बहुधा त्वचेच्या खालच्या थरात वाढते. नाव मात्र आता बदलणार नाही.

खरा कलाटणीचा टप्पा २००८ चा. पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर हे जोडपे काम करते. एड्सच्या रुग्णांत होणाऱ्या कापोसी सार्कोमामागचा विषाणू १९९४ मध्ये त्यांनीच शोधला होता. मर्केल सेल कर्करोग अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत आणि एचआयव्हीबाधितांत जास्त दिसतो, म्हणजे इथेही एखादा विषाणू असणार असा त्यांचा कयास होता. ह्युइचेन फेंग आणि मासाहिरो शूडा या सहकाऱ्यांसह त्यांनी गाठीतल्या पेशी वाचत असलेला सगळा जनुकीय मजकूर तपासला आणि त्यातून माणसाचा म्हणून ओळखता येणारा भाग वजा केला; धान्य चाळून झाल्यावर चाळणीत खडे उरावेत तसा एक अनोळखी तुकडा उरला. तो एका नव्या पॉलिओमा विषाणूचा निघाला. त्यांनी तपासलेल्या दहा गाठींपैकी आठांत तो होता. पुढच्या अभ्यासांत युरोप-अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के गाठींत तो सापडला, तर ऑस्ट्रेलियात हे प्रमाण बरेच कमी निघाले. तिथे विषाणूची जागा उन्हाने घेतलेली आहे. विषाणू नसलेल्या गाठींत अतिनील किरणांनी केलेले जनुकीय बदल हजारोंनी आढळतात.

विषाणू म्हटले की घरात वेगळी ताटली, वेगळा तांब्या सुरू होतो, म्हणून हे इथेच सांगायला हवे. हा विषाणू बहुसंख्य माणसांना लहानपणीच येऊन गेलेला असतो आणि जन्मभर त्वचेवर गुपचूप राहतो. कर्करोग होतो तो क्वचित, त्याचा डीएनए चुकून पेशीच्या डीएनएत शिरला आणि शिरताना तुटला तर. असा तुटलेला विषाणू स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. त्यामुळे रुग्णापासून कोणाला कर्करोग लागत नाही. आजीला नातवंडांपासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

दोन मार्ग वेगळे असले तरी एका ठिकाणी येऊन मिळतात. विषाणूची प्रथिने असोत की उन्हाने बिघडवलेली, दोन्ही शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी दिसतात. म्हणजे हा कर्करोग प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरणारा आहे. तो वाढतो तो ती नजर मंद झाल्यावर. म्हातारपणी ती थोडीफार मंद होतेच. दीर्घकाळ चालणारा लिम्फोसायटिक ल्युकेमिया असेल, किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर धोका वाढतो. तरीही नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत प्रतिकारशक्ती दबल्याचे असे उघड कारण सापडत नाही. नुसते वय असते. क्वचित घडणारी एक गोष्ट डॉक्टरांनाही चक्रावून टाकते. बायॉप्सीसाठी तुकडा काढल्यावर काही रुग्णांत उरलेली गाठ आपोआप विरघळून जाते. असे घडल्याच्या नोंदी गेली चाळीस वर्षे होत आहेत, आणि त्यांत म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरच्या गाठी ठळकपणे आहेत. त्या भरवशावर कोणी थांबू नये, पण प्रतिकारशक्ती जागी झाली तर काय करू शकते याची चुणूक त्यात मिळते.

आता निदान. गाठ दिसायला बापुडवाणी असते. लालसर, गुलाबी किंवा जांभळट, गुळगुळीत, टणक, बहुधा चेहरा, मान किंवा हातापायांवर. कधी कपड्यांखालच्या भागावर, अगदी नितंबावरही. दुखत नाही, खाजत नाही, सुरुवातीला रक्तही येत नाही. अमेरिकी डॉक्टर पॉल न्गीम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १९५ रुग्णांची पाहणी करून पाच खुणा काढल्या आणि त्या लक्षात राहाव्यात म्हणून इंग्रजी स्वरांच्या क्रमात बसवल्या, ए-ई-आय-ओ-यू. गाठ न दुखणारी, झपाट्याने वाढणारी, प्रतिकारशक्ती दबलेली, वय पन्नासच्या पुढे, आणि जागा उन्हात येणारी व त्वचा गोरी. ८९ टक्के रुग्णांत यांतल्या तीन किंवा अधिक खुणा होत्या. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बायॉप्सी करताना निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, रुग्णांत डॉक्टरांनी गाठ निरुपद्रवी असेल असेच धरले होते. बहुतेकांना ती साधी सिस्ट वाटली. ही अमेरिकेतल्या डॉक्टरांची गोष्ट.

आपल्याकडे पाच खुणांपैकी शेवटच्या खुणेवर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण सावळ्या त्वचेला उन्हाचा धोका कमी; आणि प्रतिकारशक्ती दबल्याचे उघड कारण तर बहुतेक रुग्णांत नसतेच. तेव्हा उरतात त्या ‘दुखत नाही’, ‘वाढते आहे’ आणि ‘वय झालेले आहे’. नेमक्या याच तीन गोष्टी आपल्याकडे उलट्या बाजूने वाचल्या जातात. दुखत नाही ना, मग असू दे. वय झाले, आता अंगावर असे काहीबाही यायचेच. गाठीला घरात आधीच नाव मिळालेले असते. आवाळू, केसतोड, चरबीची गाठ, नाहीतर ‘काहीतरी चावले असेल’. मग हळदीचा लेप, कुठे चुना-गूळ, कुठे बिब्बा. बिब्ब्याने कातडी भाजली की पुढच्या डॉक्टरला मूळ गाठ कशी होती ते कळायचा मार्गच बंद होतो. दवाखान्यात गेल्यावरही आधी प्रतिजैविकांचा आठवडा जातो, मग आणखी एक. यात कोणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. शंभर गाठींतल्या नव्याण्णव खरोखरच साध्या निघतात. म्हणूनच नियम साधा हवा. साठीच्या पुढच्या माणसाच्या त्वचेवर महिन्याभरात डोळ्यांदेखत वाढलेली, न दुखणारी, टणक गाठ आली की औषध बदलत न बसता तुकडा तपासायला पाठवावा.

पाठवावा हे मुद्दाम म्हणतो. छोट्या शस्त्रक्रियागृहात भूल देऊन दहा मिनिटांत काढलेल्या गाठी आपल्याकडे पुष्कळदा कचऱ्यात जातात, कारण तपासणीचा खर्च आणि ‘साधीच तर होती’. तीन महिन्यांनी त्याच जागी किंवा काखेत, मानेत दुसरी गाठ येते आणि पहिली काय होती हे सांगणारा पुरावा उरलेला नसतो. काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेली पाहिजे. या एका सवयीने जितके निदान लवकर होईल तितके कोणत्याही महागड्या यंत्राने होणार नाही.

सूक्ष्मदर्शकाखालीही चकवा संपत नाही. लहान, गोल, निळ्या रंगाच्या पेशींचा थवा दिसतो, आणि असा थवा दिसणारे कर्करोग अनेक आहेत. लिम्फोमा, मेलानोमाचा एक प्रकार, आणि मुख्य म्हणजे फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाची त्वचेत पोहोचलेली गाठ. जन्मभर बिडी ओढलेल्या म्हाताऱ्या रुग्णात ही शेवटची शंका अगदी रास्त असते, आणि दोन्हींचे उपचार व भवितव्य पूर्ण वेगळे. इथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे विशिष्ट प्रथिने रंगवून पाहण्याची चाचणी, निर्णायक ठरते. सीके-२० नावाचे प्रथिन मर्केलच्या पेशींत केंद्रकाला लागून ठिपक्यासारखे दिसते. टीटीएफ-१ फुप्फुसाच्या कर्करोगात बहुधा रंगते, मर्केलमध्ये नाही. सिनॅप्टोफायझिन आणि क्रोमोग्रॅनिन पेशींचा चेतासंस्थेशी असलेला मेळ दाखवतात. लिम्फोमा आणि मेलानोमा वगळायला आणखी दोन-तीन रंग लागतात. तालुक्याच्या प्रयोगशाळेत हे होत नाही. तुकड्याचा मेणातला ठोकळा पुण्या-मुंबईला जातो, खर्च वेगळा पडतो, आणि आठ-दहा दिवस जातात. हे दिवस फुकट गेले असे कोणी समजू नये. पहिल्या अहवालावर ‘स्मॉल सेल’ एवढेच वाचून फुप्फुसाचा उपचार सुरू करणे त्याहून वाईट.

निदान पक्के झाले की पसरण पाहायची. हा कर्करोग लसिकाग्रंथींकडे लवकर धावतो. बाहेरून ग्रंथी हाताला लागत नसल्या तरी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत पहिल्या पहारेकरी ग्रंथीत, सेंटिनल नोडमध्ये, पेशी पोहोचलेल्या सापडतात. गाठीभोवती निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून तो कोणत्या ग्रंथीकडे जातो ते पाहतात आणि तेवढीच ग्रंथी काढून तपासतात. मुख्य गाठ मोठ्या भागासह काढून झाल्यावर लसिकेचे मार्ग बदलतात, म्हणून ही तपासणी त्या शस्त्रक्रियेबरोबरच करायची असते. गावात आधी ‘मोठे ऑपरेशन’ उरकून मग रुग्णाला शहरात पाठवले की ही संधी बहुधा हुकते. पेट-सीटी स्कॅनही इथे केवळ सोपस्कार नसतो. वरवर ग्रंथी ठीक असलेल्या रुग्णांतही सुमारे आठांतल्या एकात स्कॅनवर लपलेला आजार दिसला आहे. आणि दहा रुग्णांतल्या एखाद्यात त्वचेवर गाठच नसते, फक्त ग्रंथीत कर्करोग सापडतो. गंमत म्हणजे अशांचे पुढे बरे चालते, बहुधा प्रतिकारशक्तीने मूळ गाठ आधीच खाऊन टाकलेली असते म्हणून.

इथे आकड्यांबद्दल सावध करायला हवे, कारण घरचे लोक आधी तेच शोधतात. अमेरिकेतल्या ९,३८७ रुग्णांच्या नोंदींवरून काढलेले प्रमाण असे: आजार त्वचेपुरता असेल तर पाच वर्षांनी ५१ टक्के हयात, ग्रंथींत असेल तर ३५, दूर पसरला असेल तर १४. वाचून धडकी भरते. पण या रुग्णांचे वय पाहा. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांच्या कोणत्याही शंभर माणसांतले काही जण पाच वर्षांत हृदयविकाराने, अर्धांगाने किंवा न्यूमोनियाने जातातच, आणि ते मृत्यूही या आकड्यांत धरलेले आहेत. कर्करोग त्वचेपुरताच असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुसरेच काहीतरी आधी गाठण्याची शक्यता चांगली मोठी असते. शिवाय या नोंदी बहुतांशी नव्या औषधांच्या आधीच्या काळातल्या आहेत.

उपचारांतला जुना भाग म्हणजे शस्त्रक्रिया. गाठीभोवती एक ते दोन सेंटिमीटर निरोगी त्वचा घेऊन ती काढतात. पापणीवर किंवा नाकावर दोन सेंटिमीटर म्हणजे चेहराच बदलून टाकणे. पुढे रेडिएशन द्यायचे असेल तर कमी कड घेऊनही भागते, असे आता बहुतेक ठिकाणी मानतात. थकलेल्या रुग्णात ही शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन होऊ शकते. मोठे रोपण, आठवडे न भरणारी जखम आणि त्यामुळे लांबलेले रेडिएशन हा सौदा ऐंशीव्या वर्षी परवडत नाही.

रेडिएशनचे या आजारातले स्थान त्वचेच्या इतर कर्करोगांहून फार वरचे आहे, कारण या पेशी किरणांना लवकर नमतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या ६,९०८ रुग्णांचा २०१६ मध्ये अभ्यास झाला. त्यात आजाराच्या पहिल्या दोन टप्प्यांत शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेतलेले जास्त जगले, आणि नंतर दिलेल्या केमोथेरपीचा मात्र फायदा दिसला नाही. फ्रान्समध्ये ८३ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली. त्यात ग्रंथींच्या भागाला रेडिएशन न दिलेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांत तिथे आजार परतला, दिलेल्यांत एकाही नाही. आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखेच. सेंटिनल नोडची पद्धत रूढ झाल्याने ती चाचणी अर्ध्यावर थांबली. विरळ्या आजाराचे विज्ञान हे असेच, तोकड्या संख्येवर चालते, आणि मार्गदर्शक सूचनांतली कितीतरी ठाम वाक्ये अशा पायावर उभी असतात हे रुग्णाला सांगायला हरकत नाही.

शस्त्रक्रिया झेपणारच नसेल तर एकट्या रेडिएशननेही गाठ आटोक्यात ठेवता येते. नेहमीची एकूण मात्रा ५० ते ६६ ग्रे, पाच-सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. म्हाताऱ्या माणसाला यातले किरण फारसे त्रास देत नाहीत. त्रास देतो तो प्रवास. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिना-महिना राहतात, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाबरोबर एक कमावता माणूसही तिथे अडकतो. ‘नको, घरी नेतो’ हा निर्णय पुष्कळदा वैद्यकीय नसतो, तो रजेचा आणि भाड्याचा असतो. अशा वेळी सिएटलमधल्या एका गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव डॉक्टरांनी आठवावा. पसरलेल्या आजाराच्या २६ रुग्णांतल्या ९३ गाठींना त्यांनी ८ ग्रेचा एकच हप्ता दिला. ९४ टक्के गाठी आकसल्या, ४५ टक्के पूर्ण नाहीशा झाल्या. बरे करण्याचा हा मार्ग नव्हे. पण फुटू पाहणारी, वास मारणारी गाठ एका फेरीत शांत होत असेल तर म्हाताऱ्या माणसाचे उरलेले महिने बदलतात.

केमोथेरपीबद्दल थोडक्यात. प्लॅटिनम आणि इटोपोसाइड या जोडीने निम्म्याहून अधिक गाठी आकसतात आणि सरासरी तीन महिन्यांत परत वाढू लागतात. पंचाहत्तरीतल्या माणसाची मज्जा आणि मूत्रपिंडे या तीन महिन्यांसाठी पणाला लावणे बहुतेक वेळा योग्य नव्हते, तरी दुसरे काही नसल्याने ते होत असे.

मग इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे, आली. २०१६ मध्ये त्यांतल्या पेम्ब्रोलिझुमॅबची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. केवळ २६ रुग्ण, पण ५६ टक्क्यांत प्रतिसाद. २३ मार्च २०१७ ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अव्हेलुमॅबला मान्यता दिली. या कर्करोगासाठी खास मान्यता मिळालेले ते पहिले औषध. केमो फसल्यानंतर ते दिलेल्या ८८ रुग्णांतल्या साधारण एक तृतीयांशांत गाठी आकसल्या, आणि पाच वर्षांनी २६ टक्के हयात होते. पेम्ब्रोलिझुमॅबच्या पुढच्या, ५० रुग्णांच्या निकालात तीन वर्षांनी ५९ टक्के हयात होते. आकडे लहान आहेत, पण केमोशी तुलना केली की फरक प्रतिसादाच्या टक्क्यात नसून टिकण्यात आहे हे कळते. ज्यांत औषध लागू पडते त्यांच्यात ते महिने नव्हे, वर्षे टिकते. शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून औषध द्यावे का, याचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. युरोपातल्या १७९ रुग्णांच्या चाचणीत निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ८४ टक्के आजारमुक्त होते, नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ७३ टक्के. मुळात नुसते लक्ष ठेवलेलेही बरेचसे ठीकच राहिले, ही बाजू औषध लिहिताना विसरली जाते.

या चाचण्यांतले रुग्ण तरुण नव्हते, सत्तरीतले होते. म्हणजे ‘वय झाले, आता मोठा उपचार झेपणार नाही’ हे केमोच्या काळातले शहाणपण इथे तसेच्या तसे चालत नाही. म्हाताऱ्या शरीराला सगळ्यांत कमी झेपणारा उपचार आणि सगळ्यांत कमी उपयोगी उपचार इथे एकच आहे, तो म्हणजे केमो. रेडिएशन आणि इम्युनोथेरपी दोन्ही तुलनेने सोसवणारे. तरी इम्युनोथेरपी निर्धोक नाही. सुटलेली प्रतिकारशक्ती थायरॉइड, आतडी, फुप्फुसे, यकृत किंवा अधिवृक्क ग्रंथी यांवर उलटू शकते. आणि इथे वय पुन्हा आडवे येते. थकवा, भूक मंदावणे, थोडा गोंधळ, दोन वेळा जास्त जुलाब. घरचे म्हणतात वयामुळे, आणि तोवर संप्रेरकांची कमतरता किंवा आतड्यांची सूज बळावलेली असते. औषध सुरू करताना घरातल्या एका माणसाला या खुणा समजावून फोन नंबर देणे हा उपचाराचाच भाग आहे.

मग वय मोजायचेच नाही का? मोजायचे, पण जन्मतारखेने नाही. वृद्धांच्या वैद्यकात आता शारीरिक क्षीणता मोजण्याच्या पट्ट्या वापरतात. कॅनडाच्या केनेथ रॉकवुड यांनी २००५ मध्ये दिलेली पट्टी, जी आता एक ते नऊ अंकांची आहे, कोविडच्या काळात बऱ्याच डॉक्टरांच्या माहितीची झाली. साधे प्रश्न असतात. खुर्चीवरून न धरता उठता येते का? गेल्या वर्षात पडणे किती? वजन उतरले का? औषधे किती आणि ती कोण देते? पैसे, फोन स्वतः सांभाळतात का? वाडीत रोज पाणी घालणारा ८४ वर्षांचा शेतकरी आणि अंथरुणाला खिळलेली ७२ वर्षांची मधुमेही बाई यांच्यात पूर्ण उपचार कोणाला द्यायचे हे या प्रश्नांनी ठरते. संधिवाताच्या गोळ्या कमी करता येतील का, हेही याच वेळी पाहायचे. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू ठेवून ती जागवणारे औषध देणे म्हणजे दोन्हींचे पैसे वाया.

एक गोष्ट मात्र पट्टीवर येत नाही. ‘बाबांना सांगू नका’ असे सांगणारी मुले आपल्या प्रत्येक कर्करोग विभागाच्या दारात उभी असतात. हेतू प्रेमाचा असतो. पण रोज सकाळी पाच आठवडे यंत्राखाली झोपायचे की एका फेरीवर भागवायचे, सुईचे औषध दर तीन आठवड्यांनी घ्यायला शहरात यायचे की नाही, हा निर्णय ज्याच्या अंगावर होणार त्याला विचारल्याशिवाय कसा घेणार? म्हातारी माणसे बहुधा मुलांना वाटते त्याहून जास्त जाणून असतात. पुष्कळांची मागणीही साधी असते: दुखू देऊ नका, वास येऊ देऊ नका, आणि पंढरीची वारी होईल का तेवढे सांगा.

उपचारानंतर पहिली तीन वर्षे जोखमीची. आजार परततो तो सुमारे ४० टक्के रुग्णांत, आणि परतणाऱ्यांतल्या बहुतेकांत या तीन वर्षांतच. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी पूर्ण त्वचा आणि सगळ्या ग्रंथी हाताने तपासायच्या, गरजेप्रमाणे स्कॅन. विषाणूच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात मोजणारी एक चाचणी सिएटलमध्ये विकसित झाली आहे. आकडा चढू लागला की गाठ दिसण्याआधी सावध होता येते. आपल्याकडे तूर्त डोळे आणि बोटे यांच्यावरच भिस्त.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि मराठी मध्यमवर्गीय घरात तो शेवटी नसतो, पहिला असतो. इम्युनोथेरपीचा खर्च वर्षाला लाखोंत जातो. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा अगदी छोटा हप्ता, दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना जोडून पाहिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो आजार वेगळा, रुग्ण वेगळे, आणि त्यावरून मर्केलबद्दल थेट काही म्हणता येत नाही. पण मर्केल हा प्रतिकारशक्तीला सहज दिसणारा कर्करोग आहे हे लक्षात घेतले तर छोट्या मात्रेचा प्रश्न इथे विचारण्यासारखा नक्की आहे. एका रुग्णालयाला तो विचारता येणार नाही. वर्षाला एखाददुसरा रुग्ण येणाऱ्या ठिकाणी चाचणी कसली उभी राहणार? २०१२ मध्ये टाटाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाली आणि आज देशभरातली शेकडो केंद्रे तिच्यात आहेत. त्या सर्वांनी आपापल्या मर्केल रुग्णांच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवल्या, कोणाला किती मात्रा दिली, तिचा परिणाम किती टिकला, क्षीणता किती होती हे लिहिले, तर काही वर्षांत युरोपातल्या चाचणीएवढी संख्या आपल्याकडेही जमू शकेल, आणि ती भारतीय म्हाताऱ्यांची असेल.